हार्पर्स फेरी पाहायचे तर आरव्ही वेशीबाहेर ठेवा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलामुलींकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये आरव्ही, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानगृहाची सोय असलेली मोटार, भाड्याने घेऊन प्रवास करण्याची हौस अलीकडे वाढताना दिसते, आणि आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीतही अशा प्रवासाची वर्णने अधूनमधून येत असतात. ती मी आवडीने वाचते. मात्र त्यांतील बहुतेक वर्णने गाडीच्या आतल्या सोयींपाशी थांबतात किंवा ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन अशा निसर्गस्थळांकडे वळतात. वाटेवर लागणारी इतिहासप्रसिद्ध लहान गावे त्यांत क्वचितच भेटतात. वास्तविक अशा गावांसाठी आरव्हीसारखे सोयीचे साधन नाही, कारण मोठी हॉटेले नसलेल्या भागातही तिच्यामुळे मुक्काम करता येतो. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हार्पर्स फेरी हे गाव आम्ही अशा प्रवासात पाहिले, आणि मराठी माणसाने तेथे जाण्यास एक खास कारण आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

वॉशिंग्टन शहरापासून साधारण शंभर किलोमीटरवर, पोटोमॅक आणि शेनान्डोआ या दोन नद्यांच्या संगमावर, डोंगराच्या उतरणीला हे गाव वसले आहे. रॉबर्ट हार्पर याला 1761 मध्ये येथे नदीपार नेणारी होडी, म्हणजे फेरी, चालवण्याचा अधिकार मिळाला, त्यावरून गावाचे नाव पडले. आज गावची वस्ती तीनशेच्या आसपास आहे. संगमाच्या टोकाशी उभे राहिले की पायाखाली वेस्ट व्हर्जिनिया, एका नदीपलीकडे मेरीलँड आणि दुसरीपलीकडे व्हर्जिनिया अशी तीन राज्ये एका नजरेत येतात. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी 1783 मध्ये येथील एका खडकावरून हा संगम पाहिला आणि केवळ या दृश्यासाठी अटलांटिक ओलांडून यावे असे लिहून ठेवले. तो खडक आजही जेफरसन यांच्याच नावाने ओळखला जातो. सर्व माणसे समान आहेत असे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारे हे गृहस्थ आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचे मालक होते, ही गोष्ट त्या खडकावर उभे असताना आठवावी, कारण पुढे या गावात जे घडले त्याचे मूळ याच विसंगतीत आहे.

इतिहासाकडे वळण्यापूर्वी गाडीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण आरव्हीने जाणाऱ्यांची गैरसोय बहुधा येथेच होते. गावाचा नदीकाठचा जुना भाग अरुंद आहे, रस्ते चढाचे आहेत आणि वाहने उभी करण्यास तेथे जागा अत्यल्प आहे. पंचवीस-तीस फूट लांबीची गाडी त्या गल्ल्यांत नेणे स्वतःला त्रासदायक तर आहेच, पण गावकऱ्यांवर आणि त्या जुन्या घरांवरही अन्यायकारक आहे. गावाचा मोठा भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात मोडतो. उद्यानाचे माहिती केंद्र गावाबाहेर उंचावर आहे, तेथे विस्तीर्ण वाहनतळ आहे, आणि तेथून उद्यानाची बस जुन्या गावात नेऊन सोडते. गाडी तेथे ठेवून बसने खाली उतरावे, हाच रास्त मार्ग होय. उद्यानाच्या हद्दीत रात्रीच्या मुक्कामाची सोय नाही आणि वाहनतळावर रात्री गाडी ठेवून झोपता येत नाही. त्यामुळे आसपासच्या खासगी तळांपैकी एखाद्या ठिकाणी आधीच जागा राखून ठेवावी लागते. शरद ऋतूत झाडांचे रंग बदलू लागले की या जागा फार लवकर भरतात. आरव्हीला वीज आणि पाणी जोडण्याची, तसेच सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्याची सोय या तळांवर असते, पण प्रत्येक ठिकाणी या तिन्ही गोष्टी असतीलच असे नाही. जागा ठरवताना ते स्पष्ट विचारून घ्यावे.

रस्त्यांच्या बाबतीतही साध्या मोटारीचा हिशेब येथे चालत नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या बरोबर असल्याने बाल्टिमोर बंदराखालच्या बोगद्यांतून आरव्ही नेण्यावर निर्बंध आहेत. त्या बाजूने येणाऱ्यांनी वळसा घालून यावे लागते. हार्पर्स फेरीहून पुढे दक्षिणेला शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातील प्रसिद्ध डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने जाण्याचा अनेकांचा बेत असतो. त्या रस्त्यावरील बोगद्याची उंची 12 फूट 8 इंच आहे, तेव्हा छपरावरच्या वातानुकूलन यंत्रासह आपल्या गाडीची उंची किती, हे भाड्याने देणाऱ्याकडून लिहून घेऊन चालकाच्या समोर चिकटवून ठेवावे. मोबाइलवरील नेहमीचा नकाशा गाडीची उंची विचारात घेत नाही.

आता गावाकडे येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सरकारने येथे शस्त्रांचा कारखाना उभारला, कारण नदीचे वेगवान पाणी यंत्रे फिरवण्यास उपयोगी पडत होते. यादवी युद्धाच्या आधीच्या साठ वर्षांत येथे सहा लाखांहून अधिक बंदुका आणि पिस्तुले तयार झाली. 1830च्या दशकात कालवा आणि लोहमार्ग दोन्ही या संगमापर्यंत पोहोचले आणि गाव भरभराटीला आले. याच कारखान्यावर 16 ऑक्टोबर 1859च्या रात्री जॉन ब्राऊन या गोऱ्या, कट्टर धर्मनिष्ठ गुलामगिरीविरोधकाने 21 साथीदारांसह छापा घातला. शस्त्रे ताब्यात घ्यावीत, आसपासच्या मळ्यांवरील गुलामांना ती द्यावीत आणि डोंगरांच्या आश्रयाने मुक्तीचा लढा दक्षिणेकडे पसरवीत न्यावा, असा त्याचा बेत होता. साथीदारांपैकी पाच जण कृष्णवर्णीय होते. त्यांतील डेंजरफील्ड न्यूबी याची पत्नी हॅरिएट आणि मुले व्हर्जिनियात गुलामीत होती. मालक आपल्याला विकून टाकील, त्याआधी येऊन सोडवून न्या, अशी विनवणी करणारी तिची पत्रे न्यूबीच्या मृतदेहावर सापडली, कारण छाप्यातील साथीदारांपैकी सर्वांत आधी तोच मारला गेला. हॅरिएट नंतर खरोखरच दूर दक्षिणेत विकली गेली. इतिहासाच्या पुस्तकात छापा एका परिच्छेदात संपतो. ज्या रस्त्यावर हा माणूस पडला तेथे उभे राहून ती पत्रे आठवली की गुलामगिरी या शब्दाचा अर्थ वेगळाच कळतो.

दोनच दिवसांत, पुढे यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती झालेल्या रॉबर्ट ली यांच्या नेतृत्वाखालील सैनिकांनी ब्राऊनला कारखान्याच्या अग्निशामक बंबाच्या इमारतीत कोंडून पकडले. जवळच्याच चार्ल्स टाऊन येथे खटला चालला आणि 2 डिसेंबर 1859 रोजी त्याला फाशी झाली. पुढल्याच वर्षाच्या निवडणुकीनंतर देश फुटला, गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्ये केंद्रापासून वेगळी झाली आणि यादवी युद्ध पेटले. यादवी युद्धात हे गाव आठ वेळा एका सैन्याकडून दुसऱ्याकडे गेले. एप्रिल 1861 मध्ये केंद्राच्या सैनिकांनी माघार घेताना शस्त्रागार पेटवून दिले, आणि सप्टेंबर 1862 मध्ये येथेच बारा हजारांहून अधिक केंद्रीय सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यानंतर दोनच दिवसांनी झालेल्या अँटिएटमच्या लढाईचे मैदान येथून मोटारीने फार तर अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

ब्राऊन जेथे पकडला गेला ती विटांची छोटी इमारत आज गावात उभी आहे, परंतु तिच्या मूळ जागी नाही. ती 1891 मध्ये विकली गेली, सुटी करून 1893 च्या शिकागो प्रदर्शनासाठी नेण्यात आली, तेथे तिच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही, म्हणून परत आणून गावाबाहेरच्या एका शेतात उभी करण्यात आली, तेथून गावातील महाविद्यालयाच्या आवारात गेली आणि शेवटी 1968 मध्ये मूळ जागेच्या जवळ आली. मूळ जागेवर मधल्या काळात लोहमार्गाचा भराव पडला होता. त्या भरावावर आता एक दगडी खूण आहे. इमारतीच्या आत शिरल्यावर तिचे लहानपण पाहून मन चरकते. बंबाच्या गाड्या ठेवण्यासाठी बांधलेल्या तेवढ्याशा जागेत ब्राऊन, त्याचे उरलेले साथीदार आणि ओलीस धरलेले लोक होते, आणि त्याचा एक मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत तेथे प्राण सोडत होता.

जुन्या गावात आणखी एका गोष्टीपाशी थांबावे. छाप्यात पहिला बळी कोणाचा गेला असेल तर हेवर्ड शेफर्ड या रेल्वेवरच्या कामगाराचा. तो कृष्णवर्णीय होता आणि गुलाम नव्हता, स्वतंत्र होता, तरीही तो छापेवाल्यांच्याच गोळीने मेला. 1931 मध्ये दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनांनी त्याच्या नावाने एक शिळा उभारली आणि मालकांशी इमान राखणाऱ्या गुलामांचा आदर्श म्हणून त्याला तीवर मिरवले. अनावरणाच्या समारंभातच स्टोअरर महाविद्यालयातील संगीताच्या शिक्षिका पर्ल टॅटन यांनी उठून सर्वांसमोर निषेध नोंदवला. त्यांचे वडील केंद्राच्या बाजूने लढले होते. त्या शिळेला उत्तर म्हणून कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने 1932 मध्ये ब्राऊनच्या गौरवाचा एक फलक तयार केला, त्याचा मजकूर कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम ड्युबॉइस यांनी लिहिला, पण महाविद्यालयाच्या चालकांनी तो फारच आक्रमक वाटतो म्हणून नाकारला. तो फलक तेथे बसवला गेला 2006 मध्ये, म्हणजे जवळजवळ पाऊणशे वर्षांनी. दरम्यान शिळा काही वर्षे हलवून ठेवली गेली, मग कित्येक वर्षे लाकडी फळ्यांनी झाकलेली होती आणि 1995 मध्ये तिच्याजवळ तिचा इतिहास सांगणारी पाटी लावून ती उघडी करण्यात आली. एकाच घटनेचा अर्थ लावणारे हे दोन मजकूर वाचायला जुन्या गावातून महाविद्यालयाच्या टेकडीपर्यंत चालत जावे लागते, आणि ते चालणे हीच मला या गावातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. आपल्याकडे पुतळे, फलक आणि नामफलक यांवरून जे वाद होतात, त्यांत गुंतलेल्या सर्वांनी ही वाट एकदा चालावी.

नैसर्गिक खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी वर चढत गेले की सेंट पीटर्स हे 1833चे चर्च लागते, जेफरसन यांचा खडक लागतो, आणि त्याहून वर कॅम्प हिल या टेकडीवर जुन्या स्टोअरर महाविद्यालयाचे आवार आहे. युद्ध संपल्यावर, 1867 मध्ये, शस्त्रकारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या पडक्या झालेल्या घरांत येथे नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांसाठी ही शाळा सुरू झाली आणि पुढे तिचे महाविद्यालय झाले. मुलगे आणि मुली तेथे बरोबरीने शिकत. 1881 मध्ये, स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी येथे ब्राऊनवर भाषण केले, तेव्हा व्यासपीठावर ब्राऊनला फासावर चढवणारे सरकारी वकील अँड्र्यू हंटर बसलेले होते. ऑगस्ट 1906 मध्ये ड्युबॉइस आणि कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या त्यांच्या नायगारा चळवळीतील सहकाऱ्यांचे अमेरिकेच्या भूमीवरील पहिले अधिवेशन याच आवारात भरले. ब्राऊनची ती विटांची इमारत त्या वेळी शेतात उभी होती. तिच्या दर्शनाला ही सुशिक्षित मंडळी पहाटे अनवाणी चालत गेली. पंढरीच्या वाटेने निघालेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या अनवाणी चालण्यातला भाव समजावून सांगण्याची गरज नाही. 1955 मध्ये महाविद्यालय बंद पडले, इमारती मात्र राष्ट्रीय उद्यान सेवेने जपल्या आहेत.

मराठी माणसाने येथे यावे असे मी म्हणते ते या टेकडीमुळे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये प्रसिद्ध केलेले आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. पुण्यातल्या एका माणसाने सातासमुद्रापलीकडच्या ज्या लोकांना आपले समजून ग्रंथ अर्पण केला, ते लोक म्हणजे नेमके कोण, याचे उत्तर हार्पर्स फेरीत पायाखाली सापडते. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली 1848 मध्ये. मुक्त गुलामांची शाळा या टेकडीवर भरू लागली 1867 मध्ये. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते त्यांच्या हाती पाटी देण्याचे काम दोन खंडांत एकाच पिढीत सुरू होते. पुढे 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी याच ड्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि अस्पृश्यांचा आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न सारखा आहे असे त्यांना कळवले. वॉशिंग्टनपर्यंत येणाऱ्या मराठी पर्यटकांची गर्दी मोठी असते. त्यांच्यापैकी किती जणांना या दीड-दोन तासांच्या अंतरावरील टेकडीची माहिती प्रवासापूर्वी दिली जाते, हा प्रश्न आपल्या सहल कंपन्यांनी स्वतःला विचारावा. आरव्ही चालवण्याची इच्छा किंवा ऐपत नसलेल्यांसाठी वॉशिंग्टनहून थेट गावात येणारी रेल्वेही आहे.

आरव्हीने येणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती अशी की येथे दोन रात्रींचा मुक्काम ठरवावा. अशा तळांवर दुपारी पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा-बाराच्या आत जागा सोडावी लागते. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर वीज-पाण्याची जोडणी करणे आणि सोडवणे यांतच वेळ जातो आणि गावाच्या वाट्याला तासभर उरतो. मधला एक अखंड दिवस हाती असेल तर सकाळच्या पहिल्या बसने खाली जाता येते, उद्यानाच्या रक्षकांची विनामूल्य माहितीपर भाषणे ऐकता येतात, पोटोमॅकवरील रेल्वेपुलाच्या कडेने पायी पलीकडे मेरीलँडमध्ये जाता येते आणि जुन्या कालव्याकाठच्या वाटेने हवे तितके चालता येते. परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे मात्र उतरतानाच पाहून ठेवावे, कारण वर चढून वाहनतळापर्यंत पायी जाणे ज्येष्ठांना झेपणारे नाही. पायऱ्याही उंच-सखल आहेत आणि पावसात निसरड्या होतात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी टेकडीवर जाण्यासाठी रस्त्याचा लांबचा मार्ग धरावा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. गाडीत शेगडी आणि फ्रिज असल्यामुळे आपण मोठ्या शहरातल्या दुकानातून सगळा शिधा भरून घेतो आणि लहान गावात एक डॉलरही खर्च न करता निघून जातो. तीनशे वस्तीचे गाव पर्यटकांचा कचरा, गर्दी आणि वाहने वर्षभर सोसते. तेथील लहान उपाहारगृहात एक जेवण घेणे आणि उद्यानाच्या पुस्तकांच्या दुकानातून एखादे पुस्तक विकत घेणे एवढे तर आपल्याकडून व्हावेच. तळावर रात्री विजेचे जनित्र चालू ठेवू नये आणि सांडपाणी नेमून दिलेल्या ठिकाणाखेरीज कोठेही सोडू नये, हे नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत.

नद्यांची आठवण ठेवणेही आवश्यक आहे. जुन्या गावातील एका इमारतीच्या भिंतीवर पुरांच्या उंचीच्या खुणा सालांसह केल्या आहेत. 1870, 1889, 1924 अशा त्या निरनिराळ्या उंचीवर आहेत, आणि सर्वांत वरची 1936ची खूण पाहायला मान मागे टाकावी लागते. युद्धाने न संपलेले गाव पुरांनी जवळजवळ रिकामे केले, आणि गावाचा मोठा भाग 1944 पासून केंद्र सरकारच्या देखभालीखाली गेल्यामुळेच तो आज पाहायला मिळतो. नदीकाठच्या आपल्या किती तरी ऐतिहासिक गावांत पुराच्या अशा खुणा कोणी करून ठेवल्या तर पुढच्या पिढीला त्यांचा उपयोग होईल.

आपल्या पुरवणीत परदेशातील अशा लहान ऐतिहासिक गावांसाठी नियमित जागा द्यावी, आणि तेथे जाऊन आलेल्या वाचकांकडून गाडी कोठे ठेवावी, मुक्काम कोठे मिळतो, रस्त्यावर कोणत्या अडचणी येतात आणि त्या गावाचा आपल्या इतिहासाशी काही संबंध आहे काय, एवढी माहिती आवर्जून मागवावी, अशी विनंती आहे. हार्पर्स फेरीचे जे टिपण आम्ही प्रवासात केले आहे ते या कामी आनंदाने पाठवून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक